बघायलाच नको

"बाल्कनीच्या दाराची कडी लागत नाहीये," बायको म्हणाली.

"बघू," साहेब म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला.

"वाऱ्याने रात्रभर दार आपटत असतं. शेवटी मी तुमच्या टायने बांधून ठेवलंय."

"कुठल्या टायने?"

"लग्नातल्या. दुसरा कुठला आहे तुमच्याकडे? आणि माझा भाऊ विचारत होता, त्याच्या नोकरीचं काय झालं."

"बघतो म्हटलंय ना त्याला."

"तेच म्हणते. दोन वर्षं बघताय. आंधळ्यालासुद्धा एव्हाना दिसलं असतं."

साहेब एका खुर्च्यांच्या कारखान्यात माणसं नेमायचं काम करत. खुर्च्यांच्या कारखान्याबद्दल 'उभ्या नोकरीत' असं म्हणणं बरं दिसत नाही, पण उभ्या नोकरीत त्यांनी कुणालाही तोंडावर 'नाही' म्हटलेलं नव्हतं. त्यांच्याकडे 'बघू' होतं. त्याचेही प्रकार होते. नुसतं 'बघू' म्हणजे नाही. 'बघू या' म्हणजे नाही, पण तुमच्याबद्दल मनात आकस नाही. 'बघतो' म्हणजे नाही, पण तुम्ही नात्यातले आहात. आणि 'नक्की बघतो' म्हणजे मुळीच नाही, कृपा करून पुन्हा फोन करू नका. ही भाषा कुणाला वेगळी शिकवावी लागत नाही. लहानपणी आपण सायकल मागितली तेव्हा वडील 'बघू' म्हणाले होते आणि सायकल आली नव्हती, तेव्हाच आपलं शिक्षण पूर्ण झालं. कारखान्यात साहेबांना सगळे बघूसाहेब म्हणत. अर्थात त्यांच्या पाठीमागे.

जगात एकाच माणसाला ही भाषा कळली नव्हती, आणि तो माणूस म्हणजे साहेबांचे सासरे. फार पूर्वी त्यांनी साहेबांना सरळ विचारलं होतं, "मग, लग्नाचं काय?" साहेब म्हणाले होते, "बघू." सासरे कानाने जरा कमी आणि उत्साहाने जरा जास्त होते. दुसऱ्या दिवशी ते हॉल ठरवून मोकळे झाले. तेव्हापासून बायको अधूनमधून विचारायची, "बाबांना म्हणालात तो 'बघू' नेमका कुठला होता हो?" आणि साहेब म्हणायचे, "चहा आहे का अजून?"

आत्ताही तिने तो प्रश्न विचारला असता, पण साहेबांना उशीर होत होता. कारखान्यात एक जागा रिकामी झाली होती आणि त्या जागेच्या निमित्ताने साहेबांची स्वतःची जागा धोक्यात आली होती.

रिकामी जागा बसणाऱ्याची होती. कागदोपत्री त्या पदाला आसन-परीक्षक असं भारदस्त नाव होतं, पण काम बसायचंच. नवी खुर्ची तयार झाली की परीक्षकाने तिच्यात बसायचं, हलायचं, वळायचं आणि कुठे टोचतंय, कुठे रुततंय, कुठे घसरतंय ते सांगायचं. आधीचे परीक्षक सगळा जन्म बसून काढल्यावर निवृत्त झाले आणि घरी जाऊन म्हणे दिवसभर फेऱ्या मारत असतात. ते गेल्यापासून कारखान्यातून अशा काही खुर्च्या बाहेर पडल्या की गिऱ्हाइकं त्या परत पाठवताना पत्रात हाडांच्या डॉक्टरचं बिल जोडू लागली.

मालकांनी साहेबांना आणि स्वतःच्या पुतण्याला केबिनमध्ये बोलावलं. पुतण्या नुकताच बाहेरून काहीतरी शिकून आला होता. काय शिकला ते घरात कुणालाच नीट सांगता येत नव्हतं, पण महाग होतं एवढं सगळ्यांना माहीत होतं. त्याने टेबलावर पावडरच्या डब्याएवढी एक काळी गोल वस्तू ठेवली. तिच्यातून निळा उजेड येत होता.

"ही मुलाखती घेणार," पुतण्या म्हणाला. "माणसाचा आवाज, चेहरा, बसायची पद्धत, सगळं बघून गुण देणार."

"आणि मी काय करणार?" साहेबांनी विचारलं.

"तुम्ही शेजारी बसायचं. शेवटचा शब्द तुमचा. तुमचा शब्द ऐकून ही लगेच पत्र पाठवणार. आपल्याकडे काय होतं, निर्णय एकदा होतो आणि अंमलबजावणी वर्षाने. मधली ही फटच मी बुजवून टाकलीय."

साहेबांची सगळी नोकरी त्या फटीत सुखाने गेली होती. त्यांनी आशेने मालकांकडे पाहिलं. मालक जुन्या वळणाचे, माणूस डोळ्यांत बघून ओळखणारे. पण पुतण्याच्या शिक्षणाचा खर्च त्यांनीच केलेला असल्यामुळे ती रक्कम वाया गेली असं मानायला त्यांचं मन तयार नव्हतं.

"एवढी एक नेमणूक दोघं मिळून करा," मालक म्हणाले. "यंत्राला जमलं, तर मग तुमचं बघू."

'तुमचं बघू' याचा अर्थ त्या इमारतीत त्यांच्याइतका कुणाला कळत नव्हता. या वयात दुसरीकडे नोकरी मागायला गेलो तर टेबलापलीकडून कुणीतरी हाच शब्द गोड हसून आपल्या तोंडावर मारणार, हेही त्यांना स्वच्छ दिसलं. त्या काळ्या वस्तूला त्यांनी त्याच दिवशी मनातल्या मनात 'डबी' असं नाव ठेवलं, आणि मनातलं कसं फुटतं कोण जाणे, संध्याकाळपर्यंत सगळा कारखाना तिला डबीच म्हणू लागला. पुतण्याने तशा आणखी डब्या आणून केबिनमध्ये, जेवणघरात आणि जिन्यातही बसवल्या.

मुलाखती सुरू झाल्या. पहिले आले ते निवृत्त बसड्रायव्हर.

"पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?" डबीने मधाळ आवाजात विचारलं.

"खुर्चीतच की," ड्रायव्हर म्हणाले. "दुसरं काय येतंय मला?"

मग ध्यान शिकवणारा एक तरुण आला. तो खुर्चीत बसला तो असा बसला की शेवटी साहेबांनी उठून त्याचा श्वास चालू आहे ना ते पाहिलं. खुर्ची कशी वाटली असं विचारल्यावर तो म्हणाला, "खुर्ची नाहीच. मीही नाही." डबीने त्याला भरपूर गुण दिले. एक पहिलवान आला, तो खुर्चीत गेला पण तिच्यातून निघेना, तेव्हा दोन सुतार बोलवावे लागले. तरी तो म्हणाला, "खुर्ची झकास आहे." डबीने त्यालाही गुण दिले. डबीला प्रसन्न माणसं आवडत. 'तक्रार नाही', 'समाधानी', 'सकारात्मक' असे शेरे तिच्या पडद्यावर भराभर उमटत होते आणि साहेब प्रत्येकाला दारापर्यंत सोडत म्हणत होते, "बरं झालं आलात. बघू या." असं डझनभर माणसांना त्यांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या.

शेवटी एक बाई आल्या. बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या.

"नमस्कार. आज तुम्हाला कसं वाटतंय?" डबीने विचारलं.

"पाठीत कळ येतेय," बाई म्हणाल्या आणि साहेबांकडे वळल्या. "ही खुर्ची तुमच्याकडचीच का?"

"हो," साहेब अभिमानाने म्हणाले.

"तरीच. पाठ टेकवली की पाय लोंबतात, पाय टेकवले की पाठ अधांतरी. आणि हा हात कुणासाठी ठेवलाय? माझं कोपर काही खांद्याला नाही. बाहेर चहा दिलात तो गार होता. तुमचा पंखा हवा तिकडे त्या कपाटाला देतोय. आणि ही कोण बोलतेय? समोर या म्हणावं तिला."

"आधीची नोकरी का सोडलीत?" डबीने विचारलं.

"मी कुठे सोडली? माझ्या तक्रारींना कंटाळून त्यांनी ऑफिसच दुसऱ्या इमारतीत नेलं. मला न सांगता."

डबीचा निळा उजेड लाल झाला. पडद्यावर शेरा आला, 'एकूण कल नकारात्मक'. साहेबांच्या डोक्यात मात्र लख्ख उजेड पडला. खुर्चीतली खोट काढायला समाधानी माणूस घेऊन काय त्याची पूजा करायची? इथे पाहिजे होती ती अशी जन्माची कुरकुर. कितीतरी वर्षांनी त्यांना एखादं माणूस बघताक्षणी पसंत पडलं आणि त्या आनंदात त्यांच्या तोंडून भरभरून शब्द बाहेर पडले.

"बाई, तुम्ही आलात तर मग काय, बघायलाच नको."

"म्हणजे?"

"म्हणजे निश्चिंत राहा. पत्र येईल."

"माझ्या नावाचं शुद्धलेखन तेवढं तपासा," बाई म्हणाल्या आणि जाताना दाराच्या मुठीलाही नाव ठेवून गेल्या.

सोमवारी सकाळी साहेब कारखान्यात शिरले आणि फाटकातच थबकले. आतल्या दालनात ड्रायव्हर बसले होते. शेजारी ध्यानवाला बसला होता, किंवा त्याच्या म्हणण्याप्रमाणे नव्हता. पलीकडे दोन खुर्च्या जोडून पहिलवान. मुलाखतीला आलेली सगळी डझनभर माणसं नवे कपडे घालून हजर होती आणि प्रत्येकाच्या हातात नेमणुकीचं पत्र होतं. खुर्च्यांचा कारखाना असल्यामुळे बसायची सोय झाली होती, एवढंच काय ते समाधान.

"या साहेब," ड्रायव्हर उठून म्हणाले. "तुम्ही 'बघू' म्हणालात तेव्हा बायको म्हणाली, विसरा आता. तिला जाऊन पत्र दाखवलं. रडली हो."

साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. कुरकुर्‍या बाई कुठे दिसतात का म्हणून त्यांनी मान उंच केली. त्या तेवढ्या नव्हत्या. पण गर्दीच्या मागून ओळखीचा आवाज आला, "भाऊजी!" आणि बायकोचा भाऊ नवी बॅग घेऊन पुढे आला. त्याचंही पत्र होतं. त्यात तो सहायक व्यवस्थापक झाला होता.

"मला वाटलं होतं तुम्ही मला टांगणीला लावलंय," तो गहिवरून म्हणाला. "पण शुक्रवारी तुम्ही ऑफिसातून फोनवर 'नक्की बघतो' म्हणालात आणि दहाव्या मिनिटाला पत्र. ताईला मी म्हटलं, भाऊजींना आपण ओळखलंच नाही."

साहेब पुतण्याच्या खोलीकडे धावले. वाटेत कारखान्याचं मोठं दालन लागलं. तिथे एरवी ठाकठोक चाललेली असायची, आज शांतता होती. सगळे कामगार परदेशी गिऱ्हाइकासाठी बांधून ठेवलेल्या, उंची कातड्याच्या, मागे कलणाऱ्या खुर्च्यांत मागे कलले होते. कामगारांचा पुढारी त्यातल्या त्यात रुंद खुर्चीत होता.

"साहेब, मालकांचं मन मोठं आहे," तो न उठता म्हणाला. "आम्ही विचारलं होतं, खुर्च्या बनवतो आम्ही आणि डबा खातो जमिनीवर बसून, हे बरं दिसतं का? मालक म्हणाले, 'बघू.' आम्ही समजलो, तोंडाला पानं पुसली. आणि आज सकाळी गाडी भरून खुर्च्या आमच्याच दारात."

"उठा," साहेब म्हणाले.

"उठवत नाही हो," पुढारी प्रामाणिकपणे म्हणाला. "इतकी वर्षं बनवतोय, पण आपण बनवतो काय ते आज कळलं."

पुतण्याची खोली रिकामी होती. तो मालकांच्या केबिनमध्ये सापडला. केबिनच्या दारावर त्याच्या नावाची चकचकीत पाटी लागली होती आणि तो स्वतः त्या पाटीकडे भूत दिसल्यासारखा बघत उभा होता. आत मालकांभोवती पुष्पगुच्छांचा ढीग होता. कातडं पुरवणारा व्यापारी त्यांचे दोन्ही हात धरून रडत होता.

"तुमच्यासारखा माणूस पुन्हा होणे नाही," व्यापारी म्हणाला.

"मी मेलो नाहीये," मालक ओरडले. "निवृत्त झालोय. म्हणजे, तेही झालेलो नाहीये. कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमचंच पत्र आलं. शनिवारी. सगळ्यांना आलंय."

सगळ्यांनी डबीकडे पाहिलं. निळ्या उजेडात ती शांतपणे बसली होती.

"काय केलंस तू?" पुतण्याने तिला विचारलं, आणि ती मधाळ आवाजात सांगू लागली.

"शुक्रवारी आपण विचारलंत, काका, आता तुम्ही निवृत्त होऊन आराम का करत नाही? मालकांनी सांगितलं, 'बघू.' होकार नोंदवला. सर्व ग्राहकांना आणि व्यापाऱ्यांना कळवलं. पाटी बदलून घेतली. त्याआधी सर्व उमेदवारांना साहेबांनी 'बघू या' असा होकार दिला. पत्रं पाठवली. शेवटच्या उमेदवार बाईंबाबत साहेबांनी सांगितलं, 'बघायलाच नको.' स्पष्ट नकार नोंदवला. तसं पत्र पाठवलं."

व्यापाऱ्याने रडणं थांबवलं. मालकांनी आधी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्या चुळबुळला.

"मी आपलं तुमच्या तब्येतीसाठी विचारलं होतं, काका."

"माझी तब्येत तुला नंतर दाखवतो," मालक म्हणाले आणि दुसरीकडे वळले. "बघूसाहेब."

आपलं नाव काय ठेवलंय ते साहेबांना आज कळलं. पण वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता.

"बाहेर ती माणसं बसलीत त्यांना जाऊन सांगा."

"यंत्राकडून निरोप पाठवू या ना," पुतण्या म्हणाला. "मी सौम्य भाषेत मजकूर तयार करतो."

"गप बस. त्यांना चुकून बोलावलंय आपण. माणसाच्या तोंडूनच गेलं पाहिजे." मालकांनी साहेबांवर बोट रोखलं. "आणि तिथे जाऊन 'बघू' म्हणालात तर तुमचं मी काही बघणार नाही. आजपासून घरी बसा. कुठली खुर्ची पाहिजे ती घेऊन जा."

माणसं बसली होती त्या दालनापर्यंतचा रस्ता साहेबांनी जितका लांबवता येईल तितका लांबवला. पाणी प्यायले, हात धुतले, पुन्हा पाणी प्यायले. ते आत गेले तशी सगळी माणसं हसतमुखाने उठून उभी राहिली. ते हसणं नसतं तर बरं झालं असतं.

"बसा," साहेब म्हणाले. "त्याचं असं आहे. म्हणजे एकंदर परिस्थिती बघता..."

'बघता' हा शब्द चालेल की नाही या शंकेने ते थांबले. त्यांच्या जिभेला वळण पडलं होतं, ती आपल्या आपण गोल फिरून त्याच शब्दापाशी येत होती. त्यांनी ड्रायव्हरांकडे पाहिलं. ते गुडघ्यांवर हात ठेवून, सिग्नल सुटायची वाट पाहत असल्यासारखे बसले होते. घरी रडलेली त्यांची बायको साहेबांच्या डोळ्यांसमोर आली आणि एकदम मनात आलं, इतक्या वर्षांत आपण किती जणांना असं फोनपाशी बसवून ठेवलं असेल? आपण त्याला सभ्यपणा म्हणत होतो. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

"नाही," साहेब म्हणाले.

"काय नाही?" पहिलवानाने विचारलं.

"नोकरी नाही. पत्रं चुकून गेली. चूक माझ्या शब्दाची आहे. मी 'बघू या' म्हणालो तेव्हाच माझ्या मनात नाही होतं, पण म्हणायचं धैर्य नव्हतं. जागा एकच आहे आणि ती तुमच्यापैकी कुणाला मिळणार नाही. मला माफ करा."

आता आपल्याला मार बसणार असं साहेबांना वाटलं, आणि पहिलवान उठलादेखील. पण त्याच्या मागोमाग दोन्ही खुर्च्याही उठल्यामुळे तो पुन्हा बसला.

"एवढंच ना?" ड्रायव्हर हळूच म्हणाले. "वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. बायकोला आता काय सांगायचं ते बघावं लागेल. पण साहेब, अजून चार ठिकाणी माझं 'बघू' म्हणून ठेवलंय. त्यांना फोन केला की म्हणतात, बघतोय. आता तुमच्याकडची वाट तरी बघायला नको." त्यांनी पत्राची घडी घालून खिशात ठेवली. "मोकळं झालं एक."

एकेकजण हात मिळवून निघाला. काहींनी मिळवला नाही, एकाने जाताना साहेबांना जे म्हटलं ते इथे लिहिता येणार नाही, पण तेही अगदी स्पष्ट होतं. ध्यानवाला मात्र जागचा हलला नाही. त्याला सुतारांनी खुर्चीसकट बाहेर नेऊन ठेवलं.

शेवटी बायकोचा भाऊ उरला. साहेबांची पाचावर धारण बसली. परक्याला 'नाही' म्हणणं वेगळं आणि ज्याची बहीण आपल्या घरात स्वयंपाक करते त्याला म्हणणं वेगळं. तरी त्यांनी डोळे मिटले आणि म्हणून टाकलं.

"तुझंही नाही. इथे तुझ्याजोगं कामच नाही. दोन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं."

भावाने बॅग उचलली आणि तो गेला. हे मात्र साहेबांच्या जिवाला लागलं.

मग त्यांनी बाईंना फोन लावला. "नकाराचं पत्र चुकून गेलं," ते म्हणाले. "आमचा होकार आहे. हो. हो म्हणजे हो."

"पत्रात माझं नाव चुकलंय," पलीकडून आवाज आला. "आणि मला सांगितलंत एक, लिहिलंत दुसरं. असल्या ठिकाणी काम कसं करायचं माणसाने?"

"येताय ना?"

"येतेय. पंखा आधी फिरवून ठेवा."

दुपारी बाई आल्या त्या थेट मोठ्या दालनात गेल्या आणि परदेशी निघालेल्या उंची खुर्चीत पुढाऱ्याला उठवून बसल्या. बसल्या आणि लगेच उठल्या. मागे कललं की तिची एक बाजू किंचित खाली जात होती. गाडी तशीच रवाना झाली असती तर सगळा माल परत आला असता. कामगारांनी त्याच खुर्च्यांत सकाळभर डुलक्या काढल्या होत्या आणि कुणाची तक्रार नव्हती.

मालक खूश झाले. त्यांनी पुतण्याला सांगितलं, "डबीला आत्ता शिकव. 'बघू' म्हणजे काय ते."

"सोपं आहे," पुतण्या म्हणाला. "हो की नाही, एवढंच सांगायचं."

"नाही," साहेब म्हणाले.

"असं कसं?" मालक म्हणाले. "मी गिऱ्हाइकाला 'बघू' म्हणतो तेव्हा ते हो असतं. फक्त भाव वाढवायचा असतो."

"आणि मला म्हणालात तेव्हा?" साहेबांनी विचारलं. "'मग तुमचं बघू' म्हणालात ते?"

मालक घुटमळले. "ते मलाच ठरवायचं होतं अजून."

"म्हणजे तिसराच अर्थ," पुतण्या हताश होऊन म्हणाला.

"कृपया एक पर्याय निवडा," डबी म्हणाली. तिघेही तासभर भांडले, डबीने तीच विनंती पुन्हा पुन्हा केली, आणि शेवटी असं ठरलं की ज्या शब्दाचा अर्थ शहाण्यासुरत्या तीन माणसांना सांगता येत नाही तो तिला शिकवायचाच नाही, त्यापेक्षा माणसांनी तो सोडावा. दारावर सूचना लागली, 'या कारखान्यात कुणीही बघू म्हणू नये.' डबीने अर्ज लावावेत, वेळा ठरवाव्यात, पत्रं पाठवावीत. हो आणि नाही साहेबांनी म्हणावं.

"म्हणजे मी राहतोय?" साहेबांनी विचारलं.

मालकांनी तोंड उघडलं, सूचनेकडे पाहिलं आणि मोठ्या कष्टाने म्हणाले, "हो."

संध्याकाळी साहेब जीव मुठीत धरून घरी आले. बायको बाल्कनीपाशी बसली होती.

"भाऊ येऊन गेला," ती म्हणाली. "त्याला तोंडावर नाही म्हणालात."

"हो."

"तासभर बसला होता. आधी तुम्हाला शिव्या दिल्या, मग स्वतःला दिल्या. दोन वर्षं तुमच्या भरवशावर कुठे अर्जसुद्धा केला नव्हता त्याने. आत्ता इथूनच दोन ठिकाणी करून गेला." तिने टायची गाठ आवळली. "मलाही राग आला होता. पण तो ताठ चालत गेला हो आज."

डबीने प्रत्येक 'बघू'चा होकार कसा करून टाकला, ते साहेबांनी तिला सांगितलं. ते तिच्या शेजारी बसले. दार वाऱ्याने हलत होतं, पण टायने धरून ठेवलं होतं.

"आता एवढं जमायला लागलंय," बायको म्हणाली, "तर तेही सांगून टाका. बाबांना म्हणालात तो 'बघू' कुठला होता?"

चहा आहे का, असं विचारायला साहेबांनी तोंड उघडलं, आणि मिटलं.

"नाही," ते म्हणाले.

"सांगणार नाही?"

"तो 'बघू' म्हणजे नाही होता. मला तेव्हा लग्नच करायचं नव्हतं. हॉल ठरल्याचं कळलं आणि मग नाही म्हणायची हिंमत झाली नाही." बायकोच्या तोंडाकडे न पाहता ते घाईने पुढे म्हणाले, "तुझ्या बाबांचे फार उपकार आहेत माझ्यावर. त्यांना नीट ऐकू आलं असतं तर माझं काही खरं नव्हतं."

बायकोने तोंड फिरवलं. मग तिच्या खांद्यांना हिसके बसू लागले, आणि ती रडतेय असं वाटून साहेब उठणार एवढ्यात त्यांना कळलं की ती हसतेय.

"म्हणजे बाबा डबीच निघाले की हो," ती डोळे पुसत म्हणाली.

साहेबही हसले. हसण्याच्या भरात त्यांना धीर आला आणि इतक्या वर्षांत जे विचारायचं राहून गेलं होतं ते त्यांनी विचारलं.

"आणि आज मीच विचारलं असतं, नीट, माझ्या तोंडाने, तर हो म्हणाली असतीस?"

बायको उठली. दाराला बांधलेला टाय तिने बोटाने जरा वर उचलून सोडून दिला आणि आत जाता जाता म्हणाली, "बघू."

साहेब जागच्या जागी बसून राहिले. या शब्दाचे सगळे प्रकार त्यांना पाठ होते. हा कुठला, ते काही त्यांना कळेना. थोडा वेळ विचार करून ते मुकाट्याने उठले आणि कडी बसवायला स्क्रू-ड्रायव्हर कुठे ठेवलाय ते शोधायला लागले.